अकरा खोकी आणि एक पोत



केसांसाठी आणलं आणि केसांना लावलंच नाही, असं काहीतरी प्रत्येकाच्या घरात असतं. कुणाच्या बाथरूममध्ये न आवडलेल्या वासाच्या शांपूची बाटली, कुणाकडे भाच्याच्या लग्नात मिळालेलं तेल, कुणाकडे पोरीने जाहिरात बघून मागवलेलं आणि दोनदा लावून ठेवून दिलेलं सिरम. आमच्या घरात असं सामान अकरा खोकी होतं. त्या खोक्यांचं काय केलं, ते आज सविस्तर लिहिते. देराणीला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "लिहा ताई, कुणाच्या तरी कामाला येईल."

आम्ही गोडादऱ्याला राहतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गोडादरा, डिंडोली, नवागाम, लिंबायत, उधना हा सुरतचा पट्टा म्हणजे निम्मा खान्देशच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं ताप्ती लाइनच्या गाडीने आली, कुणी लूम्सच्या खात्यात लागलं, कुणी मार्केटात, कुणी डाइंग मिलमध्ये. आता तिसरी पिढी इथे शाळेत जातेय. पोरं गुजराती सफाईने बोलतात, घरात मराठी, आणि सासूबाई अजून अहिराणीच. आमचं रो-हाऊस आहे. खाली आम्ही आणि सासूबाई, वर दीर-देराणी आणि त्यांची दोन पोरं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये खाती बंद पडली ते सगळ्यांना आठवत असेल. नंतर सुरू झाली, पण दिरांचा पगार पहिल्यासारखा व्हायला बराच वेळ गेला. देराणी घरी बसून साड्यांना लेस लावायची, टीकी चिकटवायची, धागे कापायची. साडीमागे ठरलेले पैसे. ते कामही कमी झालं होतं. अशात २०२१ च्या दिवाळीआधी ओळखीतल्या एक बाई तिला एका मीटिंगला घेऊन गेल्या. केसांच्या वस्तू विकायच्या, खाली माणसं जोडायची, जोडलेल्यांनी विकलं की आपल्यालाही पैसे. पडद्यावर गाडी दाखवली, फॉरेनची ट्रिप दाखवली. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, कारण नावं बदलतात, मीटिंग तीच असते.

लेव्हल टिकवायची तर महिन्याला एवढे पॉइंट लागतात, म्हणून विक्री झाली नाही तरी माल उचलायचा. असं करता करता घरात छापील किमतीचा सुमारे ४७,००० रुपयांचा माल आला. तिला तो ३३,००० ला पडला. त्यातले ८,००० तिच्या साठवलेल्या पैशांतले आणि २५,००० मंगळपोत गहाण ठेवून उचललेले. गळ्यात तिने साधी काळ्या मण्यांची पोत घातली होती. विचारलं तर म्हणायची, "कामात तुटते म्हणून काढून ठेवलीय."

माल विकला का गेला नाही, हे मला नंतर नीट समजलं. आपल्या भागातली बाई शांपूची पुडी घेते. १९८३ मध्ये तमिळनाडूत चिक नावाचा शांपू पुडीत विकायला सुरुवात झाली आणि बघता बघता देशभर पुड्यांच्या माळा दुकानांत लटकल्या, त्या उगाच नाही. हातात रोजचे पैसे असतात तेव्हा माणूस रोजच्यापुरतंच घेतो. जिला दुकानात एक-दोन रुपयांत पुडी मिळते, ती तीनशेची बाटली कशाला घेईल? शिवाय ज्यांना ही विकायची त्यांनाही विकायलाच सांगितलेलं. सगळ्याच विक्रेत्या, गिऱ्हाईक कुणीच नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत गॅस एजन्सीचा माणूस वर सिलेंडर ठेवायला गेला, पलंगाखाली जागा करताना खोकी बाहेर आली आणि सगळं उघडं पडलं. दीर तसे शांत, पण त्या दिवशी दोन बाटल्या गॅलरीतून खाली टाकल्या. "सगळं गटारात ओत," म्हणाले. देराणी भिंतीला टेकून उभी, एक शब्द बोलेना. तिच्या रडण्यापेक्षा ते न बोलणं मला जास्त वाईट वाटलं.

सासूबाई जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा वर येत नाहीत. खोक्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "फेकू नका. घामना पैसा शेतस त्या." घामाचा पैसा आहे तो, फेकायचा नाही. मग मला म्हणाल्या, मोज. आम्ही मोजलं: शांपू ६२ बाटल्या, कंडिशनर ३०, तेल ४४, सिरम १८, केसांच्या मास्कचे १२ डबे आणि हेअर कलरची २० पाकिटं. त्या दिवसापासून सासूबाईंनी "तुझी खोकी" असं एकदाही म्हटलं नाही. "आपली खोकी" म्हणायच्या. पाहुण्यांपैकी कुणीतरी तिला "शांपूवाली" म्हणून हाक मारली, तर त्यांनी त्या माणसाला चहा होईपर्यंत असं काही बघितलं की पुन्हा ते नाव निघालं नाही.

कंपनीला परत देण्याचा प्रयत्न केला. ज्या बाईंनी जोडलं होतं त्यांचा फोन लागेना, आणि लागला तेव्हा मुदत संपली असं उत्तर मिळालं. मग सोसायटीत आणि मार्केटच्या ओळखीत निम्म्या किमतीत विकायला काढलं. त्यातून ९,४०० रुपये आले. अर्धी खोकी तरी उरलीच. बाटलीवर 'अमुक तारखेच्या आत वापरा' असं छापलेलं असतं. म्हणजे आमच्याकडे दीड-पावणेदोन वर्षं होती.

ठरलं असं की या मालामुळे घरात जो खर्च वाचेल, तो डब्यात टाकायचा. हॅन्डवॉश आणायचा नाही, स्वेटरचं लिक्विड नाही, शांपू-तेल तर नाहीच. जे दुकानातून आणलं असतं, त्याचे पैसे आचाराच्या रिकाम्या बरणीत. देराणीने एक वही केली आणि कुठली बाटली कधी फोडली, कशाला वापरली, ते लिहायला लागली. माझा मुलगा तेव्हा अकरावी सायन्सला होता, त्याने तिला पाठीमागची बारीक अक्षरं वाचायला शिकवलं. आता आमच्या घरात तिच्याइतकं लेबल कुणी वाचत नाही.

आता कामाचं सांगते.

शांपू. केस, लोकर आणि रेशीम हे तिन्ही प्राण्यांपासून मिळणारे धागे, म्हणून जे केसांना सौम्य ते लोकरीलाही सौम्य. अर्ध्या बादली पाण्यात एक चमचा, स्वेटर दहा मिनिटं बुडवायचा, चोळायचं नाही, पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं आणि आडवा वाळवायचा. सासूबाईंना हे सांगितलं तर हसल्या. त्या गावाकडे हेच काम रिठ्याने करायच्या. रिठ्यातही फेस करणारा पदार्थ असतोच, सोनार दागिने उजळायला रिठ्याचं पाणी वापरतात ते त्यामुळेच. पैठणीवर मात्र आम्ही प्रयोग केला नाही. जरीला धोका पत्करण्याएवढ्या पैठण्या आमच्याकडे नाहीत.

दिरांच्या शर्टाला खात्यातल्या मशीनच्या तेलाचे डाग असतात. कोरड्या डागावर शांपूचे दोन थेंब, ब्रशने हलकं घासून पंधरा मिनिटं ठेवायचं, मग नेहमीसारखं धुवायचं. कॉलरच्या काळ्या रेषेलाही हेच. केसांतलं तेल काढायलाच तो बनवलाय, शर्टावरचंही काढतो. ताजा डाग जातो, जुना फिका होतो.

हॅन्डवॉश म्हणून पाव वाटी शांपूत पाऊण वाटी पाणी. एका वेळी आठवड्यापुरतंच करायचं, कारण पाणी घातलं की बाटलीतलं टिकवणारं औषधही पातळ होतं आणि मिश्रण खराब होऊ शकतं. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. साबण लावला की बादलीला पांढरा थर बसतो, कारण क्षार आणि साबण मिळून चोथा होतो. शांपूचं तसं होत नाही. म्हणून बाथरूमच्या टाइल्स, आरसा, कंगवे, पंख्याची पाती, दिरांची मोटरसायकल हे सगळं त्यावर निघालं.

कुठे वापरायचा नाही तेही सांगते. वॉशिंग मशीनमध्ये नाही, फेस बाहेर येतो. पितळेच्या भांड्यांना नाही, कारण पितळेचा काळेपणा म्हणजे तेलकट मळ नाही, त्याला चिंच किंवा लिंबूच लागतं. आणि जेवणाच्या भांड्यांना तर मुळीच नाही. सासूबाईंचा नियम एका वाक्याचा होता: ज्याला तोंड लागतं त्याला हे लागायचं नाही. आमटीच्या वाटीला गुलाबाचा वास कुणाला हवाय?

कंडिशनर. याचं काय करायचं ते आम्हाला सगळ्यात उशिरा समजलं. पोराने समजावलं की शांपूतला मळ काढणारा पदार्थ ऋण भाराचा आणि कंडिशनरमधला धन भाराचा. तो धाग्याला चिकटून बसतो आणि धागा गुळगुळीत होतो. कपडे मऊ करायचं जे लिक्विड दुकानात मिळतं, तेही याच जातीचं. सुरतची साडी म्हणजे पॉलिस्टर. थंडीत ती पायाला चिकटते, काढताना चटचट आवाज येतो. शेवटच्या पाण्यात अर्ध्या बादलीला अर्धा चमचा कंडिशनर नीट विरघळवून साडी बुडवून काढली की चिकटणं खूप कमी होतं. आधी एक जुनी साडी करून बघा. टॉवेलला हे करू नका, टॉवेल पाणी टिपेनासा होतो. फरशीवर तर एक थेंबही नको, घरात म्हातारं माणूस असेल तर हाड मोडेल. आणि शांपूत कंडिशनर मिसळून एकच पाणी करू नका, दोघं एकमेकांचं काम मारतात.

पुरुषांनी दाढीला फेसाऐवजी कंडिशनर लावलं, चाललं. अडकलेल्या चेनला लावलं, सरकली. आणि श्रावणात बांगड्या भरताना सगळ्यात उपयोगी पडलं. सासूबाईंची बोटं सांध्यांशी जाड झालीत, काचेची बांगडी चढताना फुटायची. हाताला कंडिशनर चोपडलं आणि बांगड्या सरसर आत. गल्लीतल्या चार बायका त्या दिवशी हात पुढे करून आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. देराणी बऱ्याच महिन्यांनी मोठ्याने हसली ती तेव्हा.

तेल. आधी लेबल बघा. आमच्या बाटल्यांत सुगंधी तेल होतं आणि त्यात मुख्य भाग लाइट लिक्विड पॅराफिनचा, म्हणजे खनिज तेल. ते दाराच्या बिजागरीला, कडीला, कुलपाला उत्तम, कारण चिकट होत नाही. शुद्ध खोबरेल उलटं, बिजागरीला काही महिन्यांनी चिकट होऊन धूळ धरतं आणि थंडीत गोठतं. शिलाई मशीनला मात्र दोन्ही नको. दिरांनी स्पष्ट सांगितलं, मशीनला मशीनचंच तेल. एक थेंब साडीवर पडला तर शेठ ती साडी आपल्या खात्यात टाकतो, मजुरी तर जातेच. देवाच्या दिव्यातही घालू नका, धूर करतं.

हाताला लागलेला ऑइलपेंट किंवा मशीनचं काळं ग्रीस घासलेटने काढायची आपल्याकडे सवय आहे, कातडी फाटते. आधी हे तेल चोळायचं, काळं सुटलं की कापडाने पुसायचं, मग शांपू लावून धुवायचं. दिरांच्या खात्यात आता चार-पाच कारागीर तसंच करतात. डब्यावरच्या स्टिकरचा चिकटा, पोरांच्या पायाला लागलेलं डांबर हेही तेलानेच निघालं. धुळवडीला सगळ्या गल्लीने अंगाला-केसांना आमचंच तेल चोपडलं.

सिरम आणि मास्क. सिरम म्हणजे मुख्यतः सिलिकॉन, गुळगुळीत आणि पाण्याला न जुमानणारं. छत्रीच्या काड्या, कात्रीचा खिळा, चपलांचे पट्टे, स्टीलच्या कपाटावरचे बोटांचे ठसे, इतकंच. लेसचा धागा गुंतू नये म्हणून एकदा बोटाला लावून पाहिलं, पण चिंधीवर डाग पडलेला दिसला, सोडून दिलं. मास्क म्हणजे दाट कंडिशनरच, तो आम्ही सरळ केसांनाच लावून संपवला. घरातल्या बायांचे केस त्या वर्षी फार चांगले होते, हेही खरं.

हेअर कलर कशालाच वापरला नाही, वाटलाही नाही. त्यातल्या रसायनांची काहींना जबर ॲलर्जी येते, आणि तारीख उलटलेलं कुणाच्या डोक्याला लावायला देणं बरोबर नाही. पाकिटं बांधून कचऱ्याच्या गाडीत दिली, गटारात ओतली नाहीत. आणि एक, कुठलंही लिक्विड पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. घरात पोरं असतात.

त्या वर्षी कानबाईला आमचं घर असं काही धुतलं गेलं की विचारू नका. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्याआधी खान्देशातलं प्रत्येक घर रंगतं, धुतलं जातं, आणि सुरतेतही तीच धामधूम. गोधड्या, पडदे, दारं-खिडक्या, पंखे सगळं खोक्यांतल्या मालावर झालं. रोटांसाठी भाऊबंद जमले तेव्हा कुणीतरी म्हणालं, घराला काय छान वास येतोय. देराणीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

बरणीत महिन्याला सरासरी साडेचारशे रुपये पडत गेले. १३ महिन्यांत ५,८०० च्या आसपास झाले. मी काही मोठा चमत्कार सांगत नाहीये. विक्रीचे ९,४०० आणि हे धरून १५,२०० झाले, गहाणाचे २५,००० होते. बाकीचे देराणीने लेसकामातून आणि दिरांनी दिवाळीच्या बोनसमधून भरले. व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं ते वेगळं. पण बरणी रोज सगळ्यांना दिसत होती. दीरसुद्धा दाढी करून आले की म्हणायचे, "वहिनी, फोमचे पैसे टाका त्यात." ज्या माणसाने बाटल्या फेकल्या होत्या, तो आता बाटलीत पाणी घालून शेवटचा थेंब काढत होता. नवरा-बायकोचं बोलणं परत सुरू झालं ते या हिशोबावरून.

२०२२ च्या आखाजीला देराणी माहेरी गेली नव्हती. खान्देशातल्या लेकीने आखाजीला माहेरी जायचं नाही म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. गळ्यातली पोत नसताना आईसमोर कसं उभं राहायचं, एवढंच कारण होतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये, आखाजीच्या आठवडाभर आधी, पोत सोडवून आणली. सासूबाईंनी रिठे भिजवले आणि स्वतःच्या हाताने ती उजळून दिली. घरात तेव्हाही शांपूच्या चार बाटल्या होत्या, पण सोन्याला त्या रिठाच म्हणाल्या. देराणी पोरांना घेऊन अमळनेरच्या गाडीत बसली.

जाता जाता कामाचं एक. २८ डिसेंबर २०२१ ला केंद्र सरकारने अशा थेट विक्रीसाठी नवे नियम काढले. जोडून घ्यायला फी मागता येत नाही, नुसती माणसं जोडण्याचे पैसे देता येत नाहीत, आणि करार केल्यावर ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ती मुदत आपल्या करारात किती दिवसांची आहे, ते पहिल्याच दिवशी वाचा. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि घरातली सून-लेक अशात अडकली असेल तर आधी तिच्यासोबत बसून माल मोजा. बाकीचं नंतर बोलता येतं.

तुमच्याकडे अशा पडून राहिलेल्या वस्तूंचं काय करता, तेही लिहा. देराणीची वही अजून चालू आहे, ती उतरवून घेईल. आमच्याकडे सिरमच्या तीन बाटल्या अजून उरल्यात. तारीख उलटलीय, त्यामुळे केसांना नाही, पण छत्री-कात्रीला कुणाला हवी असेल तर गोडादऱ्याला येऊन घेऊन जा. पैसे नकोत, चहा घेऊन जा.